अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आजी-आजोबांच्या बॅगेत लोणची-मसाल्यांबरोबर हल्ली नेब्युलायझरही असतो. सोबत ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टर घेतला की काम झाले, असा समज आहे. तो धोक्याचा आहे. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो. विजेचे व्होल्टेज तसेच राहते. भारतात ते २३०, अमेरिकेत १२०. केवळ २३० व्होल्टसाठी बनवलेला कॉम्प्रेसर तिथे नीट चालत नाही, हवेला जोर मिळत नाही, औषधाचा फवारा अपुरा पडतो. हे कळते कधी, तर मध्यरात्री धाप लागल्यावर. उलट, तिकडून आणलेले १२० व्होल्टचे उपकरण इथे जळू शकते.

खरे तर उत्तर उपकरणावरच बारीक अक्षरांत छापलेले असते. ‘इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर अडॅप्टर पुरे. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर बहुधा असेच असतात. नुसते ‘२३० व्होल्ट’ असेल तर डॉक्टरांना विचारून दोन्हीकडे चालणारे किंवा बॅटरीवरचे यंत्र घ्यावे. हेअर ड्रायरसाठी विकला जाणारा स्वस्त कन्व्हर्टर मोटरीच्या कामाचा नाही.

अडॅप्टरच्या वेष्टनावर देशोदेशीचे झेंडे ठळक असतात. ‘व्होल्टेज बदलत नाही’ ही ओळ मात्र भिंगाने शोधावी लागते. ती तितकीच ठळक छापण्याची सक्ती व्हायला हवी. आणि तीन पिनांचे उपकरण दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालवू नये. तिसरी पिन अर्थिंगची असते. ती सुटली, की धातूच्या आवरणात उतरलेल्या विजेला वाट उरते ती हात लावणाऱ्या माणसातूनच.