जुन्या मोटारीस नवा कंठ

गेल्या महिन्यांत अमेरिकेंतील मिशिगन राज्यांतून एका वाचक भगिनींचें पत्र आम्हांस आलें. पत्र दूरदेशाहून आलेलें असलें तरी त्यांतील तंटा आपल्या कोणत्याहि एकत्र कुटुंबांत घडावा असाच आहे. त्यांच्या मामंजींनीं नोकरीच्या आरंभींच्या काळांत, १९७१ सालीं, शेव्हरोलेट कंपनीची १९६७ सालची कॅमारो मोटार जुनी म्हणून विकत घेतली. आतां मामंजींनीं ऐंशी ओलांडली आहे. दर रविवारीं चिरंजीव मोटार हांकतात व मामंजी शेजारीं बसतात. वाटेंत वडिलांस आवडीचें गाणें नीट ऐकूं यावें, म्हणून दोन्ही दारांस गोल भोकें पाडून स्पीकर बसवावे, असें चिरंजीवांच्या मनांत आलें. मामंजींनीं निक्षून सांगितलें कीं, आपल्या हयातींत त्या दारांस करवत लागणार नाहीं. तेव्हांपासून पितापुत्रांचें एका पंक्तीस बसून बोलणें जवळजवळ बंद आहे.

पायांजवळच्या बाजूच्या तक्त्यांत स्पीकर बसविण्याची तोड कोणी सुचविली, म्हणून एका कारखान्यांत तसे तक्ते करूनहि आणले. परंतु डाव्या तक्त्याचा फुगवटा एवढा मोठा निघाला कीं, क्लचवरून उचललेला पाय त्यांत अडकूं लागला. "ही तोडच खोटी, कीं करणारा चुकला?" असा भगिनींचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर असें कीं, तोड खरी आहे, करणारा चुकला.

प्रथम या मोटारींची जात पाहूं. १९६४ सालीं पाँटिॲक कंपनीनें मध्यम आकाराच्या गाडींत ३८९ घन इंचांचें आठ नळकांड्यांचें इंजिन घालून जीटीओ बाजारांत आणली. अशा दणकट गाड्यांस तिकडे मसल कार, म्हणजे पीळदार मोटार, म्हणूं लागले. त्याच वर्षीं एप्रिलांत फोर्डची मस्टँग आली आणि तिला उत्तर म्हणून शेव्हरोलेटनें कॅमारो काढली. या गाड्या घडविणाऱ्यांचें सारें लक्ष इंजिनाकडे होतें; गाण्याकडे नव्हतें. रेडिओ असलाच तर पुढच्या फळीच्या मध्यभागीं एकच स्पीकर असे व त्याचा आवाज समोरच्या कांचेवर आपटून कानीं येई.

आतां दोन स्पीकर दारांत बसविले तर काय होईल? मोटारींत कोणीहि मध्यभागीं बसत नाहीं. एका बाजूचा स्पीकर गुडघ्यापाशीं, तर दुसरा पलीकडच्या दारांत. दोहोंच्या अंतरांत सुमारें ७० सेंटिमीटरांचा फरक पडतो. ध्वनि एका सेकंदाच्या हजाराव्या भागांत सुमारें ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे जवळचा आवाज दोन सहस्रांश सेकंद आधीं पोहोंचतो. फरक क्षुल्लक वाटेल, परंतु जो आवाज आधीं येतो त्याच दिशेनें गाणें येत आहे असें कान ठरवून टाकतो. मग गवई समोर बसल्यासारखा न वाटतां आपल्या दारांत दडल्यासारखा वाटतो. स्पीकर पुढें पायांच्या कोपऱ्यांत नेले कीं दोन्ही अंतरें वाढतात व त्यांतील फरक निम्म्यावर येऊं शकतो. या जागेचें सारें महत्त्व एवढ्यांत आहे. मामंजींच्या वयास हें विशेष हितावह आहे. उतारवयांत उंच स्वर प्रथम कमी ऐकूं येऊं लागतात; तेथें आवाज मोठा करून भागत नाहीं, स्पष्ट व समोरून यावा लागतो.

दोषहि सांगितले पाहिजेत. जागा लहान, त्यामुळें खर्जाचा भरणा कमी पडतो. तो हवा असल्यास मागच्या सामानाच्या कप्प्यांत निराळा स्पीकर ठेवावा लागेल. शिवाय कॅमारोच्या याच तक्त्यांत बाहेरची हवा आंत घेण्याची झडप असते. ती झांकली तर उन्हाळ्यांत पायांस वारा लागणार नाहीं. म्हणून ती मोकळी राहील अशीच आखणी करावी.

आतां कृति. आरंभीं मूळ तक्ते काढून मागील पत्रा तपासावा. समोरच्या कांचेच्या पायथ्याशीं झारीनें पाणी घालून आंत थेंब झिरपतो काय तें पहावें. जुन्या गाड्यांत तेथें गंज फार. गळती न बुजवितां स्पीकर बसविणें म्हणजे गळक्या कोठींत धान्य भरण्यासारखें आहे. नंतर तेथील पत्र्यावर चिकटपट्टीचे थर देऊन त्यावर कांचतंतूंचें कापड राळेंत भिजवून बसवितात; तें वाळलें म्हणजे त्या जागेचा हुबेहूब सांचा मिळतो. स्पीकरसाठीं लांकडी कडें करून तें सांच्यावर तात्पुरतें टेंकवावें, प्रथम छताच्या मध्यावरील दिव्याकडे रोखावें, आणि गाणें लावून थोडें थोडें फिरवून पहावें. योग्य कोन कानानेंच ठरतो. मग कड्यावरून ताणून कापड बसवावें, त्यास राळ पाजावी, घांसून गुळगुळीत करावें व आंतील रंगाचें आच्छादन चढवावें. स्पीकरची पाठ सर्व बाजूंनीं बंद असावी. नाहीं तर मागचा ध्वनि पुढच्यास मारतो.

ज्या कारखान्यानें चूक केली त्यानें मधली एक पायरी गाळली असावी. राळ ओतण्यापूर्वीं पुठ्ठ्याचा नमुना जागेवर लावून, चालविणाऱ्यानें नेहमींचीं पादत्राणें घालून बसावें. क्लच पुरा दाबून सोडावा. डावीकडील हातब्रेकचें काम करणारें पायटें शेवटपर्यंत दाबून पहावें. नमुन्यास कोठें स्पर्श झाला तर तेवढा भाग कमी करावा, मग स्पीकर लहान घ्यावा लागला तरी चालेल. गाण्याची गोडी थोडी उणी पडली तर कोणी मरत नाहीं. पाय अडकला तर मरूं शकतो.

राळ व ती आळविणारें रसायन हीं घरांत हाताळूं नयेत. वाफा वाईट असतात आणि त्या रसायनाचा थेंब डोळ्यांत गेला तर दृष्टि जाण्याचें भय आहे. चष्मा, हातमोजे व मोकळी हवा अवश्य. मुलांस दूर ठेवावें. मिशिगनच्या थंडींत राळ नीट आळत नाहीं, म्हणून हें काम उन्हाळ्यांत काढावें. विजेची नवी तार जुन्या तारांस जोडूं नये; ती थेट बॅटरीपासून आणावी, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरांच्या आंत फ्यूज घालावा आणि पत्र्यांतून जातांना तिला रबरी कडें द्यावें. शेवटीं दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून दोन्ही स्पीकरांचे पडदे एकाच वेळीं बाहेर येतात कीं नाहीं तें पहावें. उलटसुलट जोडले तर खर्जाचे स्वर एकमेकांस खाऊन टाकतात.

आतां तंट्याविषयीं. वडिलांस ती मोटार म्हणजे परक्या देशांत उभ्या केलेल्या संसाराची साक्ष वाटते. मुलास ती वडिलांबरोबर घालवावयाच्या थोड्या रविवारांची जागा वाटते. दोघेहि एकाच वस्तूवर प्रेम करीत आहेत. म्हणून आमचा नियम एवढाच : पत्र्यास एकहि नवें भोक पाडूं नये, नवे तक्ते मूळच्याच स्क्रूंवर बसवावे, आणि काढलेले जुने तक्ते कापडांत गुंडाळून, वर तारीख घालून मामंजींच्या स्वाधीन करावे. जें उद्यां जसेंच्या तसें परत करतां येतें, त्यास मोडतोड म्हणत नाहींत.

आणि भगिनींस एक विनंती : पुठ्ठ्याचा नमुना लावून पाहण्याच्या दिवशीं मामंजींस शेजारच्या आसनावर अवश्य बसवावें. स्पीकरचा कोन त्यांच्या कानानें ठरूं द्यावा. त्यांना विचारून झालेलें काम त्यांना सहसा परकें वाटणार नाहीं.