निवडणुकीचा भ्रम आणि पहिले खलिफा

१९२४ मध्ये पदच्युत झालेल्या शेवटच्या तुर्की खलिफांची कन्या १९३१ मध्ये निजामांची सून झाली. त्यामुळे खिलाफतीची चर्चा आम्हां हैदराबादकरांस परकी नाही. त्या चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येते: पहिले चार खलिफा लोकांनी निवडलेले म्हणून त्यांचा अधिकार न्याय्य; मुआवियांपासून गादी वंशाने चालली म्हणून ती अन्यायाची. ही सोयीची वाटणी आम्हांस मान्य नाही.

६३२ मध्ये मदिनेत अन्सारांच्या बैठकीत वादावादी होऊन अबू बक्र यांच्या नावे शपथ घेतली गेली. अली तेव्हा पैगंबरांच्या अंत्यविधीच्या तयारीत होते. ६३४ मध्ये अबू बक्र यांनी मृत्युशय्येवरून उमर यांना नेमले. ६४४ मध्ये उमर यांनी ठरविलेल्या सहा जणांच्या मंडळातून उस्मान आले. ६५६ मध्ये उस्मान यांच्या खुनानंतर बंडखोरांनी व्यापलेल्या मदिनेत अली यांच्या हाती शपथ झाली. चार प्रसंग, चार रीती! यास निवडणूक म्हणावयाचे तर त्या शब्दास अर्थ उरत नाही.

आमची हयात सरकारी दप्तरांत गेली, म्हणून आमची दृष्टी नेमणुका आणि खजिना यांकडे जाते. हा दोष असल्यास वाचकांनी पोटात घालावा. उमर यांनी दीवान सुरू केला (आपल्या ‘दिवाणी’चे मूळ तेच) आणि सैनिकांची नावनिशीवार वर्षासने लावून दिली. अंमलदार नेमताना ते त्याच्या मालमत्तेची नोंद करून घेत, आणि मिसर जिंकणाऱ्या अम्र यांच्याकडूनही त्यांनी मालमत्तेचा वाटा वसूल केला, असे बलाजुरी सांगतो. नेमलेल्या या खलिफाच्या अधिकाराविरुद्ध प्रांतांतून बंड उठले नाही.

उलट चौघांत सर्वांत रीतसर निवड झाली ती उस्मान यांची. ते स्वतः धर्मशील व उदार; कुराणाची प्रमाण प्रत त्यांच्याच काळातली. परंतु मिसर दूधभावाकडे, कूफा सावत्र भावाकडे, बसरा मामेभावाकडे! तक्रारी घेऊन आलेले लोक याच प्रांतांचे होते, आणि त्यांच्या वेढ्यातच उस्मान घरात मारले गेले. सहा जणांचा कौल त्यांच्या उपयोगी पडला नाही.

वंशपरंपरेची वकिली आम्ही करीत नाही. यजीदला गादी देण्याचे फळ ६८० मध्ये करबलात दिसले. परंतु त्याच उमय्या घराण्यात, पूर्वीच्या खलिफाच्या मृत्युपत्राने, ७१७ मध्ये उमर बिन अब्दुल अजीज गादीवर बसले. त्यांनी आप्तांनी बळकावलेल्या जमिनी परत करविल्या, फदकची मिळकत फातिमांच्या वंशजांकडे सोपविली. ७५० मध्ये अब्बासींनी उमय्यांच्या कबरी उकरल्या, तेव्हा या एका खलिफाच्या कबरीस मात्र त्यांनी हात लावला नाही, असे इतिहासकार नोंदवितात. निवडणुकीच्या आमच्या मित्रांनी या कबरीचा हिशेब आम्हांस द्यावा.