पाळीआधीची चिडचिड : मुलींना एकत्र बसवा

नववी-दहावीतली मुलगी आणि तिची आई दवाखान्यात येतात. बोलते ती आईच. "डॉक्टरसाहेब, महिन्यातून आठवडाभर हिचं डोकंच फिरतं. भांडते, रडते, पुस्तक हातात धरत नाही. एखादं टॉनिक लिहून द्या." मुलगी मान खाली घालून बसते. माझ्यासारख्या पुरुष डॉक्टरसमोर ती काय बोलणार?

पाळी येण्याआधी आठ-दहा दिवस चिडचिड, उदासपणा, पोट फुगणे, छाती दुखणे, झोप बिघडणे आणि पाळी सुरू झाल्यावर दोन-चार दिवसांत हे सारे ओसरणे, याला ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’ म्हणतात. ब्रिटनमधील डॉ. ग्रीन आणि डॉ. कॅथरिना डाल्टन यांनी हे नाव १९५३ साली रूढ केले. संप्रेरकांचा चढउतार सर्वच मुलींत होतो, काहींना तो जास्त जाणवतो, इतकेच. त्यामुळे संप्रेरकांची रक्ततपासणी करून यात सहसा काही हाती लागत नाही. ते पैसे वाचवा.

माझे स्पष्ट मत असे, की यावर पहिला उपाय बाटलीत नाही, शाळेत आहे. "आपणच वाईट वागतो" असे प्रत्येक मुलीला वाटत असते. शेजारच्या बाकावरची मैत्रीण "मलापण असंच होतं" म्हणाली, की जे हलके वाटते ते माझ्या समजावण्याने वाटत नाही. आठ-दहा समवयस्क मुली आणि त्यांच्या विश्वासातली एक शिक्षिका किंवा आरोग्यसेविका यांनी आठवड्यातून एकदा, असे पाच-सहा वेळा बसावे. भाषण नको. पहिल्या दिवशी मुली नुसत्या हसतील, हसू द्यावे. ‘अडचण’, ‘कावळा शिवला’, त्यांना जो शब्द सुचेल त्याने बोलू द्यावे.

प्रत्येकीने वहीच्या शेवटच्या पानावर दोन महिने रोजची नोंद ठेवावी. (भिंतीवरच्या कालनिर्णयवर नको, ते सारे घर वाचते!) त्रास पाळीआधीच होतो की महिनाभर असतो, हे त्यातून कळते. महिनाभर असेल तर कारण दुसरे. रक्त कमी असेल, थायरॉईड असेल, घरात काही बिनसले असेल. तपासून घ्यावे. नेमके दिवस कळले, की पुढचे गटात ठरवता येते. त्या दिवसांत जागरण टाळायचे, थोडे चालायचे, अवघड धडा आधीच उरकायचा. घरी कसे सांगायचे याचीही तालीम करावी. एकीने आई व्हायचे, दुसरीने मुलगी. यात मुली फार रमतात, आणि आईची नक्कल तर हुबेहूब करतात.

गटातले बोलणे बाहेर जाणार नाही, हा नियम हवाच. पण "जगावंसं वाटत नाही" असे कोणी म्हणाली तर ते गुपित राहणार नाही, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगावे. अशा मुलीला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. तिला गट पुरेसा नाही.

"अशाने मुली पाळीचे निमित्त सांगून अभ्यास चुकवतील," अशी शंका काही मुख्याध्यापक काढतात. निमित्त आजही सांगितले जाते, पोटदुखीचे. आणि मुलगी घरी बसते. केंद्र सरकारने २०१४ साली किशोरवयीनांसाठी आरोग्य कार्यक्रम सुरू केला, त्यात समुपदेशनही आहे. जवळच्या शासकीय रुग्णालयात समुपदेशक आहे का, याची शाळेने चौकशी करावी. नसेल तर शाळेतल्याच एखाद्या बाईंना शनिवारचा एक तास मोकळा करून द्यावा.