मद्रासचा धडा

रसायनशास्त्राचे २०२४ सालचे नोबेल पारितोषिक प्रथिनांच्या अभ्यासाला मिळाले. त्यातील अर्धा वाटा अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे डेव्हिड बेकर यांचा होता. उरलेला अर्धा गूगलच्या ‘डीपमाइंड’मधील डेमिस हॅसाबिस व जॉन जंपर यांना विभागून देण्यात आला. संगणकाच्या साहाय्याने प्रथिनाचा आकार वर्तवणे आणि निसर्गात नसलेली प्रथिने घडवणे, हे त्यांचे कर्तृत्व. अशी वार्ता आली की ‘आपण कोठे आहोत?’ असा उसासा टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. उसासा टाकणाऱ्यांना आम्ही मद्रास विद्यापीठाचे स्मरण करून देऊ इच्छितो.

प्रथिन म्हणजे डाळीतले वा मासळीतले पोषक द्रव्य, एवढीच सामान्यतः आपली समजूत. वस्तुतः रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन, अन्न पचवणारी विकरे, त्वचेला व हाडांना बळकटी देणारे कोलाजेन ही सारी प्रथिनेच होत. अमिनो आम्लांची लांबलचक माळ विशिष्ट रीतीने दुमडली, तरच ती आपले कार्य करू शकते. हे दुमडणे डोळ्यांना दिसत नाही. ते जाणण्यासाठी आधी साधने निर्माण करावी लागतात, आणि तेच खरे कष्टाचे काम.

१९५२ साली कुलगुरू डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी सर सी. व्ही. रामन यांच्या शिफारशीवरून मद्रासचा पदार्थविज्ञान विभाग जी. एन. रामचंद्रन यांच्या हाती सोपवला. रामचंद्रन तेव्हा अवघे तिशीचे होते. त्यांनी तेथे क्ष-किरणांची प्रयोगशाळा उभारली आणि कोलाजेनचा प्रश्न हाती घेतला. अभ्यासासाठी लागणारी कांगारूच्या शेपटीतील कंडरा त्याच शहरातील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून मिळाली. १९५४ साली रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनी कोलाजेनची रचना तीन पेडांच्या वेणीसारखी असल्याचे जगापुढे मांडले.

त्यावर आक्षेप आला, तोही फ्रान्सिस क्रिक यांच्यासारख्या दिग्गजाकडून. या रचनेत काही अणू एकमेकांच्या अवास्तव जवळ येतात, असे त्यांचे म्हणणे होते. मग अणू एकमेकांच्या नेमके किती जवळ येऊ शकतात? रामचंद्रन यांनी या प्रश्नाचा मुळापासून शोध घेतला. सी. रामकृष्णन व व्ही. शशिशेखरन या सहकाऱ्यांसह त्यांनी माळेतील दोन कोनांच्या आधारे कोणती वळणे शक्य आणि कोणती अशक्य याचा नकाशाच १९६३ साली प्रसिद्ध केला. हाच तो ‘रामचंद्रन आलेख’. आज जगात कोठेही प्रथिनाची नवी रचना निश्चित करताना ती या कसोटीवर घासून पाहिली जाते. संगणकाने वर्तवलेल्या रचनाही तिला अपवाद नाहीत. रामचंद्रन यांना नोबेल मिळाले नाही. परंतु त्यांचे साधन आजही प्रथिनशास्त्रज्ञांच्या रोजच्या वापरात आहे.

हे घडले ते पैशाच्या राशी ओतल्यामुळे नव्हे. गुणी माणूस पारखणारा, त्याला विषय निवडण्याची मोकळीक देणारा आणि वर्षानुवर्षे फळाची वाट पाहणारा कुलगुरू तेथे होता, म्हणून ते घडले. मुदलियार १९६९ साली पायउतार झाले आणि थोड्याच काळात रामचंद्रन मद्रास सोडून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. मद्रासचा विभाग पुढेही चालू राहिला, हे खरे. पण एका द्रष्ट्या कुलगुरूवर विसंबलेली व्यवस्था किती नाजूक असते, हेही यातून दिसून येते.

आज राज्याराज्यांतील विद्यापीठांची स्थिती काय आहे? परीक्षा घेणे, निकाल लावणे आणि पदव्या वाटणे यांतच त्यांची शक्ती खर्ची पडते. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, तासिकेवरच्या शिक्षकांकडून काम भागवायचे आणि वर पुन्हा संशोधनाची अपेक्षा करायची, हा न्याय कोणता? २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान निर्माण झाले आहे. विद्यापीठांत संशोधन रुजवणे हा त्याचा एक घोषित हेतू आहे. त्याचे आम्ही स्वागत करतो; परंतु दरवर्षी फलनिष्पत्तीचा तक्ता मागणाऱ्या अनुदानातून ‘रामचंद्रन आलेख’ जन्मास येत नसतो.

आमच्या गोव्यातही १९८५ पासून विद्यापीठ आहे. दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था त्याच्या शेजारीच आहे, आणि अभ्यासकाला हाक घालणारी अगणित जीवसृष्टी समोरच्या सागरात आहे. शेजारच्या चर्म संशोधन संस्थेने मद्रासला सामग्री पुरवली, तसा सहकार येथेही फळास येऊ शकतो. आमच्या मुलामुलींनी परदेशी वा परप्रांती जाऊनच संशोधक व्हावे, असा काही दैवाचा लेख नाही. रिक्त जागा भरा, नेमणुका गुणांवर करा आणि नेमलेल्यांना दहा वर्षे निर्वेधपणे काम करू द्या, एवढेच आमचे राज्यकर्त्यांना सांगणे आहे.