पाण्याचीही पैमाश हवी

मराठवाड्यात पाण्याचा विषय निघाला की बोलणे परिमाणावर येते आणि तेथेच थांबते. धरणात किती टक्के साठा उरला, दरवाजांतून किती क्युसेक सुटले, न्यायाधिकरणाने किती टीएमसी पदरात टाकले, हे प्रश्न रास्त आहेत. ज्या प्रदेशाने एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी येताना पाहिले, त्या प्रदेशाने लिटरांचा हिशेब ठेवू नये, असे कोण म्हणेल? परंतु नदीत पडलेला पदार्थ किती वेळात कोठवर पोहोचतो, वाटेत किती पसरतो, पात्राच्या कोणत्या काठाने जातो आणि कोणत्या डोहात किती काळ रेंगाळतो, हा प्रश्न परिमाणाइतकाच महत्त्वाचा असूनही आपल्या सार्वजनिक चर्चेत तो कोणी विचारीत नाही. नांदेडची गोदावरी आणि लातूरची मांजरा या दोन्ही नद्यांच्या पाण्याचा वेग व प्रसरण यांचे पद्धतशीर मापन झाल्यावाचून त्यांच्या शुद्धीच्या सर्व योजना अंदाजपंचे राहतील, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि या मतावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचा क्रमाने परामर्श घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

पहिला आक्षेप श्रद्धाळू मनाचा आहे. वाहते पाणी निर्मळच असते, गंगा सर्व पोटात घेते, तिचे मोजमाप काय करायचे, असे हे मन म्हणते. (गोदाकाठी गोदावरीलाच गंगा म्हणतात, हे येथल्या वाचकास सांगावयास नको.) या श्रद्धेत तथ्यांश आहे, आणि तो मी आनंदाने मान्य करतो. नदी स्वतःस शुद्ध करते, हे शास्त्रही सांगते. अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी 1925 साली त्याचे गणितही मांडले. पाण्यात पडलेली घाण जीवाणू खातात, त्यासाठी विरघळलेला प्राणवायू वापरतात, आणि हवेतून नवा प्राणवायू पाण्यात उतरत राहतो. पण या सर्व क्रियेस वेळ लागतो, आणि तो वेळ मिळाला की नाही हे वेग मोजल्यावाचून कळण्याचा मार्ग नाही. शिवाय पाणी तापले की त्याची प्राणवायू धरण्याची शक्ती घटते: 20 अंशांच्या पाण्यात तो लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 35 अंशांच्या पाण्यात जेमतेम 7. म्हणजे वैशाखात नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणाच्या खाली प्रवाह मंदावतो आणि नाल्यांनी उतरणाऱ्या सांडपाण्याचे प्रमाण पात्रात वाढते, नेमक्या त्याच वेळी नदीचे हे सामर्थ्य क्षीण झालेले असते. नदी सर्व पोटात घेते हे खरे असेल, तर तिला ते पचते केव्हा आणि कोठे, हे विचारणे भक्ताचेही कर्तव्य ठरते.

दुसरा आक्षेप दप्तरी आहे. नांदेडच्या जुन्या पुलावर केंद्रीय जल आयोगाची पातळी मोजण्याची व्यवस्था आहे, 351 मीटरची इशारा पातळी आणि 354 मीटरची धोका पातळी ठरलेली आहे, वरच्या धरणांचे पाणी किती तासांत येथे पोहोचते याचा अनुभव आहे. मग आणखी काय मोजायचे? ही व्यवस्था मोलाची आहे. ऑगस्ट 2006 चा महापूर ज्यांनी पाहिला, ते तिची किंमत जाणतात. तथापि पुराची लाट आणि पाण्याचा कण एकाच वेगाने पुढे जात नाहीत. रुंद, उथळ पात्रात लाट ही पाण्याच्या सरासरी वेगाच्या दीडपटीहून अधिक वेगाने सरकते. वरच्या पाण्याच्या दाबाने खालचे पाणी आधीच उचलले जाते, प्रत्यक्ष वरचे पाणी मागाहून येते. म्हणून पुराचे वेळापत्रक दूषित पाण्याच्या आगमनास लावणे चूक आहे. एखाद्या कारखान्याची मळी रात्री नदीत शिरली, तर खालच्या गावाने आपली पाणी उपसण्याची मोटार कोणत्या प्रहरी बंद करावी आणि कोणत्या प्रहरी पुन्हा सुरू करावी, याचे उत्तर पातळीच्या नोंदवहीत नाही.

हा फरक किती मोठा असतो, ते साध्या गुणाकार-भागाकाराने पाहावे. समजा, प्रवाहाचा वेग सेकंदास अर्धा मीटर आहे. तीस किलोमीटर अंतर कापण्यास पाण्याला सुमारे सतरा तास लागतील. त्याच पात्रात खाली बंधाऱ्याचे पाणी तुंबून वेग दशांशावर आला, तर तेवढ्याच अंतरास जवळजवळ सात दिवस लागतील. आता पात्राची रुंदी दोनशे मीटर, खोली दोन मीटर आणि वेग पहिलाच धरा, आणि एका काठाने नाला येऊन मिळतो असे समजा. त्याचे पाणी दुसऱ्या काठापर्यंत सारखे मिसळण्यास सरळ, एकसारख्या पात्रात शंभर किलोमीटरांहूनही अधिक अंतर लागेल, असे या शास्त्रातील सर्वमान्य सूत्र सांगते. वळणे, खडक आणि बंधारे हे अंतर पुष्कळ कमी करतील. पण दोन-चार किलोमीटरांत ते आटोपणार नाही. याचा अर्थ असा की नदीच्या मध्यावरून भरून घेतलेली बाटली प्रयोगशाळेत निर्दोष ठरू शकते, आणि त्याच वेळी नाल्याच्याच काठावर, चार कोस खाली, बायका जेथे धुणे धुतात आणि गुरे पाण्यावर येतात, तेथून जवळजवळ निव्वळ नालाच वाहत असतो. सरासरीच्या आकड्याने या बायकांना न्याय मिळत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातील 351 दूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांत महाराष्ट्राचे 53, आणि गोदावरीचा पट्टा नाशिकच्या सोमेश्वरापासून थेट नांदेड जिल्ह्यातील राहेरपर्यंतचा. ती यादी आवश्यक होती. पण शेकडो किलोमीटरांची नदी एकाच शेऱ्याखाली येते, तेव्हा कोणत्या गावाचे दुःख कोणत्या नाल्यातून येते, हे त्या शेऱ्यावरून उमगत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अधिक ऐकू येतो. प्रसरणाचे हे शास्त्र समुद्रकाठच्या लोकांचे आहे. मुंबईने आपले सांडपाणी वरळी-वांद्र्याच्या समुद्रात दूरवर नळ टाकून सोडले, तिला त्याची गरज. मुंबई बंदरात 1959 साली किरणोत्सारी स्कँडियम टाकून गाळ कोठे जातो ते शोधले गेले, तेही योग्य. पण जेथे नदीच आठ महिने कोरडी, तेथे काय मोजणार? हा युक्तिवाद उलट दिशेने धावतो. समुद्रात मिसळण्यास पाणी अमाप आहे. मांजरेत ते नाही. जेथे पातळ करणारे पाणी थोडे, तेथे चूक पदरात लवकर पडते. शिवाय मांजरा पूर्वीची राहिलेली नाही. धनेगावच्या धरणाखाली नागझरी, साई, खुलगापूर, डोंगरगाव अशी बंधाऱ्यांची रांग उभी राहिली आणि तिने लातूर जिल्ह्याचे कल्याणही केले. पण त्यामुळे नदी ही तलावांची माळ झाली. अशा पाण्यात पदार्थ प्रवाहाने कमी आणि वाऱ्याने, तापमानाच्या थरांनी अधिक हलतो. म्हणजे ज्या समुद्रशास्त्राची येथे गरज नाही असे म्हणतात, त्याच शास्त्राच्या पद्धती येथे लागू पडतात.

गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्याचे उदाहरण याच जातीचे आहे. 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्या बंधाऱ्याचे दरवाजे केव्हा उघडायचे, केव्हा मिटायचे, आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचे, याचा बंदोबस्त करून दिला. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश या दोन राज्यांची तक्रार परिमाणाची होती, म्हणून निवाडाही परिमाणाचा झाला. पण ऑक्टोबरच्या अखेरीस दरवाजे मिटल्यावर वरून आलेले सांडपाणी त्या जलाशयात किती दिवस मुरते, हा प्रश्न धर्माबादकरांचा आहे, आणि तो त्यांनीच लावून धरला पाहिजे.

उरला खर्चाचा आक्षेप. त्याला उत्तर देण्यास फार जागा लागत नाही. रिचर्डसन आणि स्टॉमेल या दोन शास्त्रज्ञांनी स्कॉटलंडच्या एका खाडीत पार्सनिप नावाच्या कंदाचे तुकडे टाकून, ते एकमेकांपासून कसे दूर जातात हे मोजले आणि 1948 मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. कंद निवडला तो एवढ्यासाठीच की तो जवळजवळ संपूर्ण बुडून तरंगतो आणि वाऱ्याच्या हाती सापडत नाही. आपल्याकडे मोसंबीने तेच काम होते. दोन दोऱ्यांमधले अंतर, हातात घड्याळ आणि पाण्यावर मोसंबी, एवढ्या सरंजामावर पृष्ठभागाचा वेग निघतो. त्याला साधारणपणे 0.85 ने गुणले की सरासरी वेगाचा कामचलाऊ अंदाज येतो. आसनेसारख्या लहान प्रवाहात मिठाचे द्रावण ओतून खाली पाण्याची विद्युतवाहकता मोजली तरी भागते.

मोठ्या पात्रास रंग लागतो. ऱ्होडामाइन या गुलाबी-तांबड्या रंगाचे द्रावण पहाटे पात्राच्या मध्यभागी एकदम ओततात. खाली ठरलेल्या ठिकाणी दर काही मिनिटांनी बाटल्या भरतात, आणि अब्जांशात उरलेला रंगही प्रतिदीप्तिमापक ओळखतो. कागदावर त्याची जी रेषा उमटते ती पाहण्यासारखी असते: आधी काही नाही, मग झपाट्याने चढ, एक शिखर, आणि नंतर लांबच लांब, नाखुशीने उतरणारे शेपूट. मधले पाणी पुढे धावते, काठचे मागे राहते, आणि या वेगभेदामुळेच पदार्थ प्रवाहाच्या दिशेने पसरतो, हे जेफ्री टेलर यांनी 1953-54 मध्ये नळ्यांतील प्रवाहावरून सिद्ध केले. शेपूट मात्र डोहांचे आणि कपारींचे असते. जलपर्णीखाली अडकलेले पाणी तेथे थोडे थोडे सुटत राहते. शिखर निघून गेले म्हणून धोका टळला असे मानणाऱ्या अधिकाऱ्याने हे शेपूट एकदा डोळ्यांनी पाहावे. अशा प्रयोगापूर्वी काठच्या गावांत दवंडी मात्र दिली पाहिजे. नदी एकाएकी तांबडी दिसली तर लोक घाबरतील, आणि त्यांचे घाबरणे योग्यच असेल.

निजामाच्या अंमलात मराठवाड्याच्या जमिनीची पैमाश झाली, शिवारांना सर्व्हे नंबर पडले, आणि त्या दप्तरावर आजही कज्जे निकालात निघतात. नदीचे असे दप्तर आपल्यापाशी नाही. विष्णुपुरीस स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, शेजारीच श्री गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि दोन्ही गोदावरीच्या काठी आहेत. त्यांच्या चालकांना माझी विनंती आहे की विष्णुपुरी ते राहेर आणि नागझरी ते डोंगरगाव हे दोन पट्टे त्यांनी विद्यार्थ्यांकरवी निदान दोन हंगामांत, एकदा पावसाळा सरताना आणि एकदा उन्हाळ्यात, मोजून घ्यावेत. कोणत्या प्रवाहात पाणी कोणत्या गावी किती तासांनी पोहोचते आणि कोणता काठ धरते, याचे कोष्टक मराठीत छापावे. आणि त्याची एकेक प्रत काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी.