वजन उतरलं, पाळीचं काय?

गेल्या गणपतीच्या आधीची गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक होती. हिशेब झाले, चहा झाला, आणि विषय निघाला तो ऐन आरतीच्या दिवसांत 'अडचण' आली तर काय करायचं याचा. एकजण म्हणाली, मी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या कधीच आणून ठेवल्यात. त्यावर गटातली एक तिशीतली वहिनी हसत म्हणाली, "मला यंदा गोळ्यांची गरजच नाही. चार महिने पाळी आलेली नाही. डाएटची कृपा! अकरा किलो उतरले आणि ही कटकटही गेली." सगळ्या हसल्या. दोघीतिघींनी तर "कसलं डाएट गं, आम्हालाही सांग" म्हणून कागद-पेन काढलं.

मला मात्र हसू आलं नाही. कारण त्याच्या दोनच महिने आधी शेजारच्या वाडीतल्या एका मुलीला घेऊन मी अलिबागला डॉक्टरांकडे गेले होते. मुलगी एकोणीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी. आपल्या किनाऱ्यावर पहाटे चालायला जाणाऱ्यांना अशा मुली रोज दिसतात. वरसोली, आक्षी, नागाव, रेवदंडा, कुठेही जा, ओल्या वाळूत आठशे मीटरचा सराव चाललेला असतो. अंग हलकं झालं की वेळ कमी लागेल, असं हिच्या डोक्यात बसलं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून तिने भात सोडला, मग भाकरी अर्ध्यावर आणली, रात्री नुसती काकडी. पाच महिने पाळी नाही, आणि घरात कुणाला पत्ता नाही. आईच्या लक्षात आलं ते कसं, तर कपाटातलं पॅडचं पाकीट संपतच नव्हतं म्हणून.

आईच्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला? "काय करून बसलीस?" पोर रडून रडून अर्धी झाली. तपासणी केली, दिवस गेलेले नव्हते. आईने देवापुढे साखर ठेवली आणि मला म्हणाली, "ताई, सुटले बाई एकदाची. आता येईल पाळी केव्हातरी." म्हणजे संशय फिटला आणि विषय संपला! पाच महिने पाळी का नाही, हा प्रश्न तसाच राहिला.

मैत्रिणींनो, मला खटकतं ते हेच. लग्न झालेलीची पाळी थांबली तर ती सोय, बिनलग्नाची थांबली तर ती लाज. दोन्हीकडे एक गोष्ट कुणाच्याच मनात येत नाही, ती म्हणजे ही तब्येतीची तक्रार असू शकते आणि ती डॉक्टरला दाखवायची असते.

आणि हा प्रश्न आता घरोघरी येणार आहे, कारण वजन हा सध्या सगळ्यांचाच विषय झाला आहे. २०१८ च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोनदाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांत जेवायचं, हे सूत्र गावागावांत पोचलं. राज्य सरकारने लठ्ठपणाविरोधी मोहिमेसाठी त्यांची नेमणूकही केली. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडं थोडं पण वेळेवर खा म्हणत होत्या, आणि दोघांच्या मतांवर लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाद रंगले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये लठ्ठपणाचा विषय काढून तेल दहा टक्क्यांनी कमी करा असं सांगितलं. त्याच वर्षी मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली.

वजन कमी करूच नये असं मी म्हणत नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांनी बेजार झालेल्या कितीतरी जणींना त्याचा फायदा झालेला मी पाहिलाय. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. १५ ते ४९ वयातल्या शंभरातल्या २४ जणींचं वजन जास्त आहे हे खरं, पण जवळजवळ १९ जणींचं वजन कमी आहे, आणि ५७ जणींच्या अंगात पुरेसं रक्त नाही. म्हणजे एकाच गल्लीत एकीला वजन उतरवायला हवं, तर दुसरीला वाढवायला हवं. डाएटचा कागद मात्र दोघींच्या हातात एकच!

आता पाळी का थांबते ते पाहू. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. तिथून हुकूम निघतो, तो पिट्युटरी ग्रंथीला पोचतो, तिथून बीजकोषाला, आणि मग महिन्याचं चक्र फिरतं. घरात पैसा कमी आला की आपण काय करतो? किराणा, शाळेची फी चालू ठेवतो आणि नवं काही काढत नाही. शरीरही तेच करतं. हृदय, फुप्फुसं, मेंदू चालू ठेवतं, आणि गर्भ वाढवण्याचं मोठं खर्चिक काम बंद करून टाकतं. मग बीज तयार होत नाही, पाळी येत नाही.

हे काही आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये मोठी उपासमार झाली, तेव्हा त्या भागातल्या जवळपास निम्म्या बायकांची पाळी थांबली होती. नऊ महिन्यांनी तिथल्या जन्मांचा आकडाही एकदम खाली आला. १९७४ साली अमेरिकेत रोझ फ्रिश आणि जॅनेट मॅकआर्थर या दोघींनी अंगातली चरबी आणि पाळी यांचा संबंध मांडला. पुढे अभ्यास वाढत गेला तसं कळलं, की नुसत्या वजनाच्या आकड्यावर सगळं नसतं. पोटात जातं किती आणि खर्च होतं किती, यातली तूट महत्त्वाची. म्हणून अंगाने भरलेल्या बाईनेही झपाट्याने वजन उतरवलं तर तिची पाळी चुकू शकते. खेळाडूंच्या या तुटीची दखल २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनेही घेतली. वाळूत धावणाऱ्या आमच्या पोरी त्यातच आल्या. त्यात श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्राचे नऊ दिवस असे उपास डाएटच्या वर चढले, की तूट आणखी वाढते.

"मग काय बिघडलं? कटकट गेली," असं वहिनी म्हणाली होती. बिघडतं ते हाडांत. पाळी थांबते तेव्हा अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं, आणि हाडं मजबूत ठेवायचं काम तेच करत असतं. विशी-पंचविशीपर्यंत जी काय हाडांची शिल्लक साठेल, त्यावर पुढचं आयुष्य काढायचं असतं. साठवायच्या वयातच उधळली तर म्हातारपणी साध्या पडण्याने मोडतात. आमच्या भरतीवाल्या मुलीची नडगी दुखत होती, ती बाम चोळत होती. डॉक्टरांनी आधी तिकडेच लक्ष दिलं, कारण अशा मुलींच्या हाडाला बारीक चीर जाऊ शकते.

दुसरा एक गैरसमज फार घातक आहे. पाळी नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत, असं कित्येकींना वाटतं. पण बीज आधी सुटतं आणि पाळी नंतर येते. म्हणजे थांबलेली पाळी परत सुरू व्हायच्या आधीच गर्भ राहू शकतो. म्हणून वजन कितीही उतरलेलं असो, पाळी चुकली की पहिली तपासणी गरोदरपणाचीच. तिच्यासाठी 'निश्चय' किट आशाताईंकडे मिळतं. इंजेक्शन घेणाऱ्यांनी तर हे जास्तच ध्यानात ठेवावं. वजन उतरल्यावर अनेकींची बंद पडलेली बीजनिर्मिती पुन्हा सुरू होते. शिवाय मौंजारोमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून इंजेक्शन सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधन वापरायला सांगतात.

उलटी गोष्टही सांगायला हवी. पीसीओएस असलेल्या, वजन जास्त असलेल्या मुलींचं वजन पाच-दहा टक्के जरी उतरलं तरी रखडलेली पाळी पुष्कळदा रांगेला लागते. म्हणजे एकीची पाळी वजन उतरल्याने येते, दुसरीची जाते. आपण कुठल्या आहोत हे शेजारणीला विचारून कळत नाही.

मग डॉक्टरकडे केव्हा जायचं? नेहमी वेळेवर येणारी पाळी सलग तीन महिने आली नाही, तर थांबू नका. मुळातच मागेपुढे होणारी असेल तर सहा महिने ही शेवटची मर्यादा. मुलगी पंधरा वर्षांची झाली आणि पाळी सुरूच झाली नाही, तरीही दाखवा. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर "लवकर गेली" म्हणून सोडू नका. पंचेचाळिशीनंतर लांबणं पुष्कळदा वयाचं असतं, पण तेही एकदा विचारून घ्यावं.

काही वेळा तीन महिनेही थांबायचं नाही. पाळी चुकली आहे आणि पोटात एका बाजूला जोरात दुखतंय किंवा भोवळ येतेय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गर्भ नळीत राहिला असेल तर जिवावर बेततं. डोकं सतत दुखणं, नजर अंधूक होणं, बाळ नसताना स्तनातून दूध येणं, छातीत धडधडणं, हाडाचं दुखणं न थांबणं, ही लक्षणंही लगेच दाखवायची. आणि मुलगी जेवण टाळते, जेवून ओकते, हाडं दिसायला लागली तरी आरशात स्वतःला जाडच म्हणते, तर तो मनाचा आजार असू शकतो. केरळात मार्च २०२५ मध्ये अशी अठरा वर्षांची मुलगी दगावल्याची बातमी आपण वाचली. ओरडून किंवा जबरदस्तीने भरवून तो आजार जात नाही, त्याला उपचार लागतात.

डॉक्टरांसमोर काही लपवू नका. शेवटच्या पाळीची तारीख, किती महिन्यांत किती वजन उतरलं, कुठल्या पावडरी, काढे, गोळ्या, इंजेक्शनं चालू आहेत, सगळं सांगा. बहुधा थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि इतर हार्मोन्सच्या रक्ततपासण्या होतात, गरजेप्रमाणे सोनोग्राफी. आणि गोळ्या देऊन रक्तस्राव झाला म्हणजे बरं वाटलं, असं नसतं. गोळीने पाळी येते, पण मूळ कारण तसंच असू शकतं. ते काय आहे हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक असतात, तिथे मोकळेपणी बोलता येतं.

आमच्या भरतीवाल्या मुलीचं काय झालं? काही आठवडे धावणं बंद. ताटात भात, भाकरी, वालाची उसळ, अंडं, सुकट परत आलं. चौथ्या महिन्यात पाळी आली. आता ती पुन्हा धावते, पण पोटभर खाऊन.

आणि वहिनी? बैठकीनंतर मी तिला बाजूला घेतलं. दिवस गेलेले नाहीत हे किटने कळलं. बोलता बोलता म्हणाली, अलीकडे हात थरथरतात, छातीत धडधडतं, घाम येतो. मी तिला घेऊन गेले. रक्त तपासलं तर थायरॉइड जास्त काम करत होती. त्यानेही वजन उतरतं आणि पाळी चुकते. अकरा किलोंपैकी डाएटने किती गेले आणि आजाराने किती, देव जाणे! तिचं डाएट उतरवून घेतलेल्या दोघींना मी फोन करून सांगितलं, तो कागद आधी फाडा.

ज्या घरात वजनकाटा आला असेल, तिथे कॅलेंडरवर पाळीच्या तारखेची खूणही करायला लागा. आणि आयांनो, लेकीची पाळी चुकली तर पहिला प्रश्न "काय केलंस?" असा नको, "बाळा, जेवतेस ना नीट?" असा असू द्या. मग ती पाच महिने लपवणार नाही.