चेहऱ्यावरचे वांग आणि फडावरचे ऊन

ऊसतोडीचा हंगाम सरला की बालाघाटाच्या डोंगररांगांतील गावे पुन्हा माणसांनी भरू लागतात. मांजरसुंबा-पाटोदा रस्त्यावरचे, गणपतीच्या देवस्थानामुळे ओळखले जाणारे बीड तालुक्यातील लिंबागणेश आणि त्याच्या पंचक्रोशीतील वाड्यावस्त्या याला अपवाद नाहीत. पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात काढून परतलेल्या कुटुंबाच्या पदरी काय पडले, याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. उचल किती घेतली, किती फिटली आणि किती अंगावर राहिली, हे सारे त्या वहीत पै-पैने मांडलेले असते. परतलेल्या स्त्रीच्या दोन्ही गालांवर, कपाळावर आणि वरच्या ओठावर उमटलेल्या काळपट तपकिरी डागांची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही. सरकारी दवाखान्यात तिने ते दाखविलेच तर "वांग आहे, त्याने काही होत नाही" एवढे उत्तर पुष्कळदा मिळते. वांगाने कोणी मरत नाही, हे खरेच आहे. परंतु त्या एका वाक्यानंतर ती स्त्री जेथे जाते आणि जे विकत आणते, त्याने मात्र बरेच काही होते.

प्रथम हा डाग म्हणजे काय ते पाहू गेले पाहिजे. 'वांग' हा शब्द संस्कृत 'व्यंग'वरून आला. सुश्रुताने क्षुद्ररोगांत, म्हणजे लहानसहान विकारांत, त्याची गणना केली आहे. माणसाच्या त्वचेला रंग देणारे द्रव्य म्हणजे मेलॅनिन. ते तयार करणाऱ्या पेशी बाह्यत्वचेच्या तळाशी असतात आणि अशी एक पेशी आपल्याभोवतीच्या सुमारे 36 पेशींना रंगाचे कण पुरविते. या रंगपेशींची संख्या गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो कणांच्या आकारात, त्यांच्या प्रमाणात आणि मांडणीत. वर्णश्रेष्ठत्वाचे सारे तत्त्वज्ञान या एवढ्याशा फरकावर उभे आहे, हे जाता जाता लक्षात ठेवण्यासारखे आहे. मेलॅनिन ही मुळात छत्री आहे. सूर्यकिरणांनी पेशीच्या केंद्राला इजा होऊ नये म्हणून शरीर ती उघडते. वांगात एवढेच होते की, चेहऱ्याच्या काही भागांतील रंगपेशी अतिसावध होतात आणि थोड्याशा चिथावणीनेही रंग ओतू लागतात.

ही चिथावणी तीन बाजूंनी येते. ऊन ही पहिली. आणि त्यात केवळ अतिनील किरण नव्हेत, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाश व उष्णताही येते. दुसरी, स्त्रीशरीरातील संप्रेरकांची. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना वांग उमटते वा वाढते ते यामुळेच. तिसरी बाजू घराण्याची. आईला वांग असेल तर मुलीला होण्याचा संभव अधिक. यांपैकी घराणे बदलता येत नाही. उरलेल्या दोन गोष्टी ऊसतोड स्त्रीच्या वाट्याला कशा येतात ते पाहिले म्हणजे तिच्या चेहऱ्याचा अर्थ उलगडतो.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसांना हत्याराच्या नावाने मोजणारा दुसरा धंदा शोधावा लागेल. या कोयत्यातील स्त्री पहाटेच्या अंधारात चूल पेटविते, उजाडता फडावर उतरते, दिवसभर तोडलेला ऊस बांधते, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरते आणि रात्री पुन्हा चुलीपुढे बसते. म्हणजे दिवसा ऊन आणि दोन्ही वेळा तोंडावर जाळ. बाळंतपणे लहान वयात आणि अंतर न राखता झालेली असतात. उसाच्या पात्याची धार हातावर, मानेवर, गालावर ओरखडे काढते. सावळ्या त्वचेचा धर्म असा की, प्रत्येक जखम, फोड वा पुरळ बरे होताना मागे काळा डाग ठेवून जाते. कोपीत पाण्याची टंचाई आणि अंथरुणे दाटीची, त्यामुळे खरूज एकाकडून दुसऱ्याकडे जाते. ती खाजवून झालेल्या डागांना लोक उष्णता म्हणतात, रक्तदोष म्हणतात. वस्तुतः तेथे गरज असते ती साऱ्या कुटुंबाला एकाच रात्री खरजेचे औषध लावण्याची. या स्त्रिया साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा सदरा चढवितात आणि डोक्याला फडके गुंडाळतात. त्वचाविज्ञान जे सांगते, ते त्या कोणी न सांगता आधीपासून करीत आहेत. उघडा राहतो तो चेहरा, आणि वांग नेमके तेथेच उमटते.

काळा डाग म्हणजे वांगच, असेही नव्हे. मानेची व काखेची कातडी मखमलीसारखी जाड व काळी झाली तर तो मळ समजून घासत बसू नये; मधुमेहाची ती आगाऊ सूचना असू शकते. बोटांची पेरे काळवंडली आणि सोबत थकवा, मुंग्या असतील तर बी-12 जीवनसत्त्वाची उणीव तपासावी लागते. भेसळीच्या कुंकवातील रंगांनी आणि केसांच्या काळ्या कलपाने कपाळ काळे पडल्याचीही उदाहरणे भारतात नोंदलेली आहेत. अशा वेळी मलमाची नव्हे, ती डबी फेकून देण्याची आवश्यकता असते. तीळ वाढू लागला, त्याची कड वेडीवाकडी झाली, त्यातून रक्त आले तर विलंब करू नये. आणि बधिर असलेला फिकट वा तांबूस चट्टा ही वेगळीच गोष्ट आहे. तो कुष्ठरोगाचा असू शकतो आणि त्याचा इलाज सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतो. हा सारा विवेक करण्यास डोळस डॉक्टर आणि दहा मिनिटे लागतात. लिंबागणेशला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, परंतु त्वचारोगाचा तज्ज्ञ गाठावयाचा तर बीड किंवा अंबाजोगाई गाठावी लागते, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.

म्हणून ती स्त्री औषधाच्या दुकानात जाते. तेथे तिला कोणी नाडी विचारीत नाही. एक नळी हाती दिली जाते. या नळीचा इतिहास कामगार चळवळीतील प्रत्येकाने वाचण्यासारखा आहे. 1939 साली अमेरिकेतील एका चामड्याच्या कारखान्यातील मजुरांच्या हातांवर पांढरे चट्टे उठल्याचा वृत्तांत तेथील वैद्यकीय नियतकालिकात आला. शोध घेता कारण सापडले ते रबरी हातमोज्यांत मिसळलेल्या हायड्रोक्विनोनच्या कुळातील एका रसायनात. एका पिढीच्या मजुरांचा हा व्यवसायजन्य रोग पुढच्या पिढीच्या धंद्याला उपयोगी पडला. 1975 साली फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी सहकाऱ्यासह हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथाझोन हे स्टिरॉइड यांचे मिश्रण प्रसिद्ध केले. होम्सबर्गच्या तुरुंगातील कैद्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग करणारे ते हेच क्लिगमन. त्याच वर्षी भारतात हिंदुस्तान लीव्हरने 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणली. देशात आणीबाणी होती, बोलण्यावर बंदी होती. गोरे होण्याच्या जाहिरातीवर नव्हती.

क्लिगमन यांचे मिश्रण वाईट होते असे नव्हे. सौम्य स्टिरॉइड घालून केलेल्या तशाच मलमाला अमेरिकेत 2002 साली मान्यता मिळाली. ती अल्प काळासाठी, आठ आठवड्यांच्या वापरापुरती. आपल्याकडे त्यात मोमेटाझोनसारखे तीव्र स्टिरॉइड आले, मुदत गळून पडली आणि चिठ्ठीही गळून पडली. नळी पहिल्या पंधरा दिवसांत चमत्कार करते. डाग फिकटतो, कातडी उजळते, शेजारणी विचारू लागतात. मग कातडी पातळ होते, लाल होते, तिच्याखालच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे उठतात, लव वाढते. नळी थांबविली की आग होते, म्हणून नळी थांबत नाही. 2008 साली कोलकात्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी अशा बिघडलेल्या चेहऱ्याला रोग म्हणून स्वतंत्र नाव दिले. त्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर 2018 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमांची पळवाट बंद केली. चिठ्ठीवाचून ती विकू नयेत असा नियम झाला. नियम दिल्लीत झाला. नळ्या गावच्या फळीवर आहेत. अन्न व औषध प्रशासनाने बीड जिल्ह्यातील किती दुकानांची या कारणासाठी तपासणी केली, हे त्या खात्याने स्वतःहून जाहीर करावे.

नळीहूनही घातक वस्तू बिननावाच्या डबीत मिळते. 2023 साली अकोल्यातील एकाच घरातील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्यांनी वापरलेल्या गोरे करणाऱ्या क्रीममध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासणीत पारा आढळला. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे 22 रुग्ण तपासले. त्यांतील 15 जणांत एका खास प्रकारची खूण सापडली आणि त्या 15 पैकी 13 जणांनी अशी क्रीमे वापरल्याचे सांगितले. पारा रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, हे खरे. तो मूत्रपिंडही रोखतो. मिनामाता कराराच्या 2023 मधील जिनिव्हा बैठकीत पारायुक्त प्रसाधने 2025 पर्यंत पूर्ण बंद करण्याचे ठरले. डबीवर कारखान्याचे नावच नसेल तर करार कोणाला लागू करावयाचा?

या बाजाराचे भांडवल रोगाचे नाही, न्यूनगंडाचे आहे. डॉ. राममनोहर लोहिया यांनी सौंदर्य आणि त्वचेचा रंग यांवर जो निबंध लिहिला, त्यातील प्रतिपादन आजही ताजे आहे. गोऱ्या युरोपाऐवजी काळ्या आफ्रिकेने जगावर राज्य केले असते तर कवींनी सौंदर्याच्या उपमा वेगळ्या योजिल्या असत्या, असे त्यांनी मांडले होते. केवळ लिहून ते थांबले नाहीत. 1964 साली अमेरिकेतील जॅक्सन गावी वर्णभेद पाळणाऱ्या उपाहारगृहात पाऊल टाकून त्यांनी अटक पत्करली. महाराष्ट्राचा देव सावळा, आणि त्याच महाराष्ट्रात 'वधू पाहिजे'च्या जाहिरातीत पहिले विशेषण 'गोरी' हे! 2020 च्या फेब्रुवारीत गोरेपणाच्या जाहिरातींना कडक शिक्षेचा मसुदा केंद्राने काढला. त्याच वर्षी 'फेअर'चे 'ग्लो' झाले, नळीतील आश्वासन तेच राहिले.

वांग घालविणे आणि गोरे होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे म्हणूनच ठासून सांगावे लागते. उपचाराचा हेतू एवढाच असतो की, डागाची कातडी त्याच स्त्रीच्या मूळच्या सावळ्या रंगाशी जुळावी. वरच्या थरातील रंग काही महिन्यांत उतरतो. खोल उतरलेला वर्षानुवर्षे राहतो. जायफळ उगाळून वा लिंबू चोळून तो जात नाही. उलट लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास कातडी भाजून नवे डाग पडतात. गर्भारपणातील वांग बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप फिकटते, त्याला घाई करू नये. गोळ्यांनी वांग वाढत असेल तर तांबीसारखे संप्रेरकविरहित साधन सुचविणे हे आरोग्यसेविकेच्या आवाक्यातले काम आहे. अझेलेइक आम्लासारखी मलमे सावकाश, पण धोक्याविना काम करतात. हायड्रोक्विनोनही वाईट नाही, मात्र डॉक्टरांच्या नजरेखाली आणि मुदतीत. उन्हापासून बचाव नसेल तर यांतील कोणतेही औषध टिकत नाही. बचावाचे मलम चेहऱ्याला व मानेला एका वेळी सव्वा ग्रॅमच्या आसपास लागते. दिवसातून दोनदा लावले तर 50 ग्रॅमची नळी तीन आठवड्यांत संपते. पाच महिन्यांच्या हंगामाला सात नळ्या. कोयत्याच्या मजुरीत हे बसत नाही. रुंद काठाची टोपी आणि घट्ट विणीचे, तोंडावर घेता येईल असे सुती कापड बसते.

शहरातील दवाखान्यांत अलीकडे वांगावर एक गोळी दिली जाते, तिची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. ट्रानेक्झामिक आम्ल हे तिचे नाव. जपानच्या ओकामोतो दांपत्याने 1962 साली ते शोधले, रक्तस्राव थांबविण्यासाठी. त्याने वांग फिकटते हे पुढे 1979 साली योगायोगाने ध्यानात आले. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा इतिहास असलेल्यांना ते चालत नाही. पण त्याचा मूळ उपयोग, पाळीतील अतिरक्तस्राव रोखणे, हाच आहे. बीड जिल्ह्यात 2019 साली नीलम गोऱ्हे समितीच्या निमित्ताने 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. प्रत्येकीचे गर्भाशय गोळीने वाचले असते असे कोणी म्हणणार नाही. किती जणींना शस्त्रक्रियेपूर्वी ती गोळी देऊन पाहिली गेली, हे मात्र विचारलेच पाहिजे.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यावयाचे ठरले आहे. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. म्हणजे त्याच्या घामातून रोज पंधरा-वीस रुपये आणि हंगामाच्या दीडशे दिवसांत सव्वादोन ते तीन हजार रुपये त्या निधीत पडावयास हवेत. दोन टोप्या, दोन सुती कापडे आणि खरजेच्या औषधाच्या चार बाटल्या यांची किंमत त्याचा लहानसा अंश आहे. दसऱ्याच्या सुमारास मुकादमांच्या गाड्या लिंबागणेशच्या रस्त्यावरून जाऊ लागतात. त्यापूर्वीच्या महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात बीडचा वा अंबाजोगाईचा त्वचारोगतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस बसावा, आणि तपासणीच्या कार्डावर चेहऱ्याच्या डागासाठीही एक रकाना असावा.